लाल गाडीच्या ऑइलमधली राख

२३ ऑगस्ट १९९८, रविवार

नवीन फाइल उघडली. वर निळ्या शाईने लिहिलं : सॅम्पल एस-१, जुनं इंजिन ऑइल, स्पोर्ट्स कार.

धुळ्याहून नूर महंमदने बाटली पाठवली, एसटीच्या कंडक्टरबरोबर. नूर म्हणजे आमच्याच पॉवर हाऊसच्या व्हेइकल सेक्शनमधला जुना मेकॅनिक, आता आग्रा रोडला त्याचं गॅरेज आहे. गाडी लाल. दोन सीटची. छत निघतं. अशा गाड्या देशात नुकत्याच निघाल्यात, नूरनेही हे इंजिन पहिल्यांदाच उघडून पाहिलं. पहिलं सर्व्हिसिंग; ऑइल बदललं नाही, तपासायला थोडं काढलं.

गाडीचा मालक आमचा मुलगा सुकदेव. हे नाव एकदाच लिहितो. यापुढे 'मालक'. तीन वर्षांपूर्वी पॉवर हाऊसची पर्मनंट नोकरी सोडून त्याने धुळ्यात केबल टीव्हीचा धंदा टाकला. तेव्हाच मी सांगितलं होतं, राजीनामा मागे घेतल्याशिवाय या क्वार्टरच्या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. त्याचं नाव घरात काढायचं नाही असा नियम आहे. ही पाळते. ही म्हणजे भागाबाई, माझी पत्नी.

बाटली मागवली ती निव्वळ टेक्निकल इंटरेस्ट म्हणून. एकतीस वर्षं दीपनगरच्या पॉवर हाऊसच्या लॅबमध्ये ऑइल तपासतोय, टर्बाइनचं, ट्रान्सफॉर्मरचं. स्पोर्ट्स कारचं कधी बघितलं नव्हतं. मालकाशी मला काही देणंघेणं नाही.

हिने विचारलं, ती बाटली कसली? म्हटलं, ऑफिसचं काम. बाटलीवर नूरच्या गॅरेजचा पत्ता होता. तिने वाचला असावा.

२४ ऑगस्ट

ऑइलचा रंग काळसर तांबूस. दोन बोटांत घासून पाहिलं. बारीक चमक. वासात जळकटपणा नाही. म्हणजे गाडी फार बेदरकार हाणत नाही. मला वाटलं होतं हाणत असेल.

लोखंड, तांबं किती आहे हे मोजण्याचं मशीन नाशिकच्या एका खासगी लॅबमध्ये आहे. उद्या सॅम्पल पोस्टाने पाठवणार. रिपोर्ट आला की फाइलला लावायचा आणि विषय बंद.

१२ सप्टेंबर

रिपोर्ट आला. लोखंड ६२. तांबं ३१. सिलिकॉन ४८. ॲल्युमिनियम १९. दहा लाखांत इतके भाग, अशी मोजायची रीत.

नूरची चिठ्ठी आधीच आली होती. तो लिहितो, भाऊ, नवीन इंजिन आहे, पार्ट एकमेकांवर घासून बसेपर्यंत लोखंड-तांबं जास्त येणारच. सिलिकॉन येतं गॅस्केटच्या गोंदातून, ॲल्युमिनियम पिस्टनचं. दोन सर्व्हिसिंगनंतर आपोआप खाली येईल. काळजीचं कारण नाही.

बरोबर आहे त्याचं. पुस्तकातही तेच आहे. फाइल बंद.

१२ सप्टेंबर, रात्री

फाइल परत उघडली.

सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम बरोबर येतात कशात? राखेत! दगडी कोळशाच्या राखेत. आमच्या राखेत दोन्ही साधारण दोनास एक असतात. इथे ४८ आणि १९. अडीचास एक. एवढा फरक चालतो. धुळ्यात कुठली आलीय कोळशाची राख? ही राख आमच्या चिमणीची आहे. दीपनगरची. एअर फिल्टरमधून शिरलेली.

म्हणजे गाडी इथे येते.

नूर चांगला मेकॅनिक आहे, पण केमिस्ट नाही. गोंद म्हणे.

१३ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. एका सॅम्पलवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी स्वतः तीन बॅचच्या ट्रेनी मुलांना शिकवलंय. ट्रेंड बघायचा. पण राख ती राख.

धुळ्याहून जळगाव, भुसावळ, मग आमचं गेट. हायवे सरळ. सव्वाशे-दीडशे किलोमीटर. दोन-अडीच तास. येत असेल, गेटपर्यंत येऊन थांबत असेल, आणि मी घातलेली अट आठवून मागे फिरत असेल. शब्दाला पक्का आहे. माझ्यावर गेलाय.

हिला सांगितलं नाही. नियम आहे.

१८ सप्टेंबर

ठराव : संध्याकाळी फिरायला जायचं. डॉक्टरांनी बीपीसाठी सांगितलेलंच आहे. कॉलनीच्या मेन गेटबाहेर मोरीचा, म्हणजे छोट्या पुलाचा, कठडा आहे, तिथून हायवेचं वळण दिसतं. तिथे बसायचं. पाच ते सात. फिरणं म्हणजे चालणंच असं नाही.

आला तर काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. एकोणीस झाले. पहिली पाच मिनिटं उभाच ठेवायचा. मग पर्मनंट नोकरीचं महत्त्व, पेन्शन, माझ्या बापाने नदीपल्याड बाभळी तोडून मला कसं शिकवलं ते. मग चहा.

२ ऑक्टोबर

लाल दिसलं. उठलो. मुद्द्यांचा कागद खिशातून काढला. फायर ब्रिगेडची जीप निघाली.

गेटवरचा वॉचमन छगन म्हणाला, साहेब, कोणाची वाट पाहून राहिले का? म्हटलं, हवा खातोय. तो म्हणाला, इथं राख खाल, हवा तिकडं शाळेकडं आहे. आगाऊ माणूस.

२१ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आला नाही. सणाला गर्दी असते, बायपासला ट्रक अडकलेले असतात. नवी गाडी कोण घालेल त्या गर्दीत? मीही घातली नसती.

हिने अनारसे केले. दोन डबे भरले. एवढे कोणाला, विचारलं. म्हणाली, महिनाअखेरीला धुळ्याला बहिणीकडे जाऊन येते चार दिवस. म्हटलं, जा.

५ नोव्हेंबर

ही धुळ्याहून परत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, एसटीत धूळ लागली. मी म्हटलं, खिडकीत बसू नये. जेवली नाही. बहिणीशी बिनसलं असणार. त्या दोघींचं लहानपणापासून असंच.

मुद्दे एकोणीसवरून अकरा केले. पेन्शनचा काढला, ऐकून कंटाळेल.

२९ नोव्हेंबर

नूरला पत्र टाकलं : ट्रेंड बघायचा आहे, दुसरं सॅम्पल पाठव. ऑइल बदलायची वाट बघू नकोस, डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून थोडं ओढून घे. पत्रात आणखी लिहिलं होतं, मालक बरा आहे का. ते खोडलं. मग खोडलेलं वाचता येतंय का ते उजेडात धरून पाहिलं. येत होतं. पत्र नवीन लिहिलं.

३ जानेवारी १९९९

नवीन वर्षाचे ठराव. एक, चहा दिवसाला दोनच. दोन, मे महिन्यात रिटायर होण्याआधी 'स्पोर्ट्स कारच्या जुन्या ऑइलचा अभ्यास' असा लेख लिहून साहेबांना द्यायचा. तीन, कठड्यावर थंडी फार असते, तेव्हा फक्त सहापर्यंत बसायचं.

तिसरा ठराव मोडला. साडेसात झाले. पावणेसातला जळगावकडून एक गाडी वळणावर हळू झाली होती. दिवे बंद केले, परत लावले, गेली. कोणाची होती कळलं नाही. रंग अंधारात कसा दिसणार?

१९ जानेवारी

सॅम्पल एस-२ आलं. घट्टपणा आणि फ्लॅश पॉइंट काढायला लॅबच्या साहेबांची रीतसर परवानगी घेतली. ते म्हणाले, तायडे, रिटायर व्हायला चार महिने राहिले, आता हे काय नवीन? म्हटलं, आवड.

ऑइल पाण्यासारखं पातळ झालंय. फ्लॅश पॉइंट, म्हणजे कितीला वाफ पेट घेते तो आकडा, दोनशे वीस असायला हवा तिथे एकशे साठ. याचा अर्थ एकच : ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. थोडं पाणीही आहे. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला, तडतडला.

इंजिन थंडच चालू केलं, तापायच्या आत बंद केलं, असं वारंवार झालं की हे होतं. दूरचा प्रवास करणाऱ्या गाडीचं हे होत नाही. गाडी एका जागी उभी आहे आणि इंजिन चालू आहे.

नूरची चिठ्ठी : भाऊ, गाडी उभीच असते जास्त करून. इंजिन फार चालत नाही. ऑइलचं काय सांगू.

बघा! त्यालाही दिसलं. गाडी उभी असते. कुठे उभी असते हे त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. गेटच्या अलीकडे, वळणापलीकडच्या लिंबाखाली. इंजिन चालू ठेवून बसतो. उतरू की नको, उतरू की नको. मग फिरतो. आणि पाणी कुठून आलं? कूलिंग टॉवरचे तुषार. वारा त्या बाजूचाच असतो.

एवढा वेळ बसून राहतो बिचारा.

१९ जानेवारी, रात्री

दूरचा प्रवास केल्यावर इंजिन तापतं आणि पेट्रोल उडून जातं, हे खरं आहे. धुळ्याहून आला तर तापलेलंच असणार. हा मुद्दा उद्या बघू. रात्री असले विचार करू नयेत, डोकं बरोबर चालत नाही.

२० जानेवारी

तो कदाचित भुसावळला खोली घेऊन राहत असेल. तिथून दीपनगर जवळ आहे. सुटला प्रश्न.

भुसावळला जाऊन केबलवाल्यांकडे चौकशी केली. लाल गाडीवाला सुकदेव तायडे माहीत आहे का? कोणालाच नाही. एकाने उलट मलाच विचारलं, तुमचं चॅनेल दिसत नाही का. धंदा नवीन असेल, नाव झालं नसेल अजून.

७ फेब्रुवारी

मुद्दे चार. उभा ठेवायचं काढून टाकलं. गाडीतून उतरल्यावर माणूस दमलेला असतो.

हिने विचारलं, रोज त्या मोरीवर काय करता? म्हटलं, बीपी. म्हणाली, बीपीच्या गोळ्या तर तुम्ही घेतच नाही. बायकांना टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

नूरला पत्र : तिसरं सॅम्पल हवं. तीन झाले की ट्रेंड पक्का.

२ मार्च

होळी. दोन दिवस ताप. गेलो नाही कठड्यावर. नेमका याच दोन दिवसांत येऊन गेला असणार, माझं नशीबच तसलं. छगनला बोलावून विचारलं, लाल गाडी दिसली का? नाही म्हणाला. त्याचं लक्ष नसतं. तंबाखू मळत असतो.

२३ मार्च

सॅम्पल एस-३. पेट्रोल आणखी वाढलंय. नाशिकचा रिपोर्टही आला. लोखंड ६४, सिलिकॉन ४९. म्हणजे एस-१ पासून जवळजवळ हललेलंच नाही. गाडी चालली असती तर आकडे हलले असते, वर नाहीतर खाली. इथे इंजिन चाललंय पण गाडी चाललेली नाही. सात महिने तेच ऑइल, तीच राख, नवीन राख नाही.

मी रिपोर्ट चार वेळा वाचला. मग नाशिकला फोन केला, सॅम्पल बदललं गेलं का म्हणून. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, परत बघा. त्यांनी फोन ठेवला. आजकाल कोणाला बोलायची पद्धत राहिलेली नाही.

मुद्दे एक : आत ये.

११ एप्रिल, रविवार

काय लिहू.

संध्याकाळी कठड्यावर होतो. ही आली. कधी नव्हे ती गेटबाहेर आली, हातात माझा मफलर. एप्रिलमध्ये मफलर! शेजारी बसली. म्हणाली, छगनच्या बायकोकडून आजच कळलं, तुम्ही लाल गाडीची वाट बघता. म्हटलं, कोण म्हणतं? ती म्हणाली, अवो, तो आठे येवाव नही. तो आठे शेच नही.

इथे येणार नाही, इथे नाहीच, असं म्हणत होती. तिचं माहेर दोंडाईचाकडचं. फार आतलं काही बोलायचं असलं की ती माहेरच्याच बोलीत बोलते. तिच्या आईचं बारावं झालं त्या दिवशी अशी बोलली होती.

मग तिने सगळं सांगितलं. केबलचा धंदा दुसऱ्या एका मोठ्या माणसाने गिळला. सुकदेवला मस्कतला नोकरी लागली. नोव्हेंबरच्या तीन तारखेला गेला. ती त्यालाच पोचवायला धुळ्याला गेली होती, बहिणीचं नाव सांगून. गाडी नूरच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, विकायला. मला सांगू नको असं तिनेच नूरला बजावलं होतं. घरात नाव काढायचं नाही ना, म्हणाली, मग तुम्हाला सांगणार कशी? तुमचाच नियम.

मी विचारलं, जाताना इकडे यायचं मनात नव्हतं त्याच्या?

ती म्हणाली, होतं. मी म्हटलं, चल, बाप आहे, एक दिवस ओरडेल. तर म्हणाला, बाबांनी राजीनामा मागे घेऊन ये म्हटलंय, तो आता कुठून आणू?

आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. मला फार वाईट वाटलं. फार. ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, भर हायवेवर, आणि मी तिला हात काढ म्हणालो नाही.

१२ एप्रिल

पहाटेच्या गाडीने धुळ्याला गेलो. स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही लॅबची शिस्त.

नूरने ताडपत्री काढली. लाल. लहान आहे, मला वाटली होती त्यापेक्षा खूपच लहान. सीटवर प्लॅस्टिक अजून तसंच. नूर आत बसला, इंजिन चालू केलं, दहा मिनिटांनी बंद केलं. म्हणाला, रोज सकाळी एवढं करतो भाऊ, नाहीतर बॅटरी उतरते. जाताना पोरगा सांगून गेलाय.

म्हटलं, आणि सिलिकॉन?

तो म्हणाला, गोंद आहे भाऊ, गॅस्केटचा. पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं ना.

मी म्हटलं, आमच्या राखेत पण असतं. तो म्हणाला, असतं. माझ्याकडे बघत राहिला. मग मेहरुनला, म्हणजे त्याच्या बायकोला, चहा टाकायला सांगितलं. आजचा हा तिसरा चहा होता, पण मी घेतला.

पोरगा कसली नोकरी करतो तिकडे, विचारलं. नूर म्हणाला, पॉवर हाऊसमध्ये लागलाय, ऑइलच्याच लॅबमध्ये. मुलाखतीत म्हणे त्याला विचारलं, हे काम कुठे शिकलात, तर म्हणाला, घरी.

गॅरेजच्या मागे हात धुवायची टाकी आहे तिथे जाऊन मी रडलो. नूर आला नाही तिकडे. समजूतदार माणूस.

निघताना म्हणाला, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, अमळनेरचं, परवा घेऊन जाईल. ऑइल बदलून देऊ ना? म्हटलं, बदल.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात गेलो, मिरवणुकीत गेलो नाही. हिने एक कागद दिला. मस्कतचा नंबर. पाच महिने पिठाच्या डब्याखाली ठेवला होता म्हणाली. शुक्रवारी त्याला सुटी असते.

ठराव : शुक्रवारी फोन करायचा. बोलायचं ते लिहून न्यायचं नाही. मुलाशी बोलायला कागद कशाला?

१६ एप्रिल, शुक्रवार

भुसावळला गेलो, स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवर. हीही आली. काचेच्या खोलीत एकच माणूस मावतो, ती बाहेर थांबली.

तिसऱ्यांदा लागला. कोणीतरी हिंदीत बोललं, मग पावलं वाजली, मग तोच. हॅलो, कोण?

आत ये, असं म्हणायचं ठरलं होतं. पण मस्कतमध्ये असलेल्या माणसाला आत ये कसं म्हणणार? दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, दीपनगर लॅबमधून बोलतोय.

बिलाच्या मशीनवरचे लाल आकडे पळत होते. मग तो म्हणाला, बोला साहेब.

मी रिपोर्ट सांगितला. तिन्ही सॅम्पल, पाठच होते. लोखंड, तांबं, सिलिकॉन, फ्लॅश पॉइंट. मध्येच अडलो तर तो म्हणाला, ऐकतोय. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मग इंजिनमध्ये दोष आहे का साहेब?

म्हटलं, नाही. दोष नाही. इंजिन नवीन होतं. नवीन असताना असंच येतं, घाबरायचं नसतं. वाचणाऱ्याला कळायला हवं होतं.

तो म्हणाला, गाडी परवाच विकली साहेब. रिपोर्ट नव्या मालकाला द्या. आणि लाइन गेली, किंवा त्याने ठेवला.

लाइन फार खराब होती. खरखर होती. माझा आवाज त्याला ओळखू आला नसणार.

बाहेर आलो तर ही उभी, पदराचं टोक मुठीत. म्हणाली, लागला? म्हटलं, लागला. कसा आहे? म्हटलं, बरा आहे, तुला विचारत होता. तिचा चेहरा एवढा उजळला की तसाच पुढे बोलत राहिलो, जेवण चांगलं मिळतं, खोलीला पंखा आहे. यातलं मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.